लाल टिंबाचा पेला

मी लिहिणारी बाई नाही, बोलणारी आहे. बावीस वर्षं करी रोडला बालवाडी चालवली, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं. आमच्या डायलिसिस सेंटरच्या वंदना सिस्टर परवा म्हणाल्या, "काकू, मला जेवढं छळलंत ना, तेवढं कागदावर उतरवा. नवीन पेशंटच्या कामाला येईल." म्हणून बसलेय वही घेऊन.

कुणासाठी ते आधी सांगते. ज्यांच्या किडन्या गेल्यात, डायलिसिस चालू आहे, आणि आता वरून रिपोर्टमध्ये 'हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह' आलंय, त्यांच्यासाठी. दुष्काळात तेरावा महिना वाटतोय ना? मलाही वाटला होता. औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतील, त्यात मी नाक खुपसणार नाही. मी काय मूर्खपणा केला, आणि त्यापायी माझी नात माझ्यापासून कशी तुटता तुटता राहिली, तेवढंच सांगणार आहे.

सकाळी सातची शिफ्ट

ब्लडप्रेशर आणि साखर या दोघांनी मिळून माझ्या किडन्या खाल्ल्या. गोळ्या चुकवायचे, खारवलेली सुरमई चुकवायचे नाही. दोष माझाच, दुसऱ्याला कशाला देऊ?

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातला परळला मशीनवर आडवं व्हायचं, अकराला उठायचं. डाव्या हातात ऑपरेशन करून शीर आणि धमनी एकमेकांना जोडलीय, त्याला फिस्टुला म्हणतात. सुया तिथेच टोचतात. त्या हातात रक्त इतक्या जोरात धावतं, की वरून बोटं ठेवली तर थरथर लागते आणि कान लावला तर मांजर गुरगुरल्यासारखं ऐकू येतं. सुरुवातीला मला त्याची किळस यायची. रात्री हात उशीपासून लांब ठेवून झोपायचे. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर बांगड्या घालायच्या नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

आणि पाणी! पाणी मोजून. मालवणच्या बाईला सोलकढी बंद, डाळ बंद, शहाळं तर बघायचंसुद्धा नाही. मे महिन्यात घसा सुकून खरवडल्यासारखा व्हायचा, तेव्हा सिस्टर बर्फाचा एक खडा तोंडात ठेवायला द्यायच्या. तो खडा जिभेवर घोळवत मी डोळे मिटून पडायचे. तेवढ्यात मला जे सुख मिळायचं ते पूर्वी पंगतीत बसूनही मिळालं नव्हतं, खरं सांगते.

घरात आम्ही चौघं. आमचे हे, म्हणजे परब, आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कॉटन ग्रीनच्या गोदामात वॉचमन, आता घरी. मुलगा संदेश. सून प्राची. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात सतराव्या मजल्यावर राहतो. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं आणि पहिलं बाळंतपण म्हणून प्राची माहेरी गेली, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, बाळ तुमच्याच बालवाडीत येणार हां. माझ्याकडून काय ते सांभाळणं होणार नाही."

"बघू या," म्हटलं. मनात मात्र दुपटी शिवून तयार होती.

काचेच्या आत

डायलिसिसवर असलं की दर काही महिन्यांनी कावीळ वगैरे तपासायला रक्त घेतात. ती नेहमीचीच गोष्ट, मी कधी रिपोर्ट विचारलाही नव्हता. प्राची माहेरी गेल्यावर पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, मी माझ्या खिडकीजवळच्या सहा नंबरच्या मशीनकडे गेले, तर तिथे दुसरंच कुणीतरी झोपलेलं.

"अहो, माझी जागा आहे ती!"

वंदना सिस्टरने माझा खांदा धरला. "काकू, आजपासून तुम्ही आत."

आत म्हणजे हॉलच्या टोकाला काचेचं दार असलेली छोटी खोली. दोनच मशिनं. दोन वर्षं मी त्या खोलीकडे बघत होते आणि तिथल्या माणसांना काय झालंय हे विचारायची मला कधी छाती झाली नव्हती. आता मीच आत.

डॉक्टर आले. चांगला माणूस, स्टूल ओढून बसले. म्हणाले, काविळीचा 'सी' नावाचा विषाणू आहे, रक्तातून पसरतो, लिव्हरला त्रास देतो. पूर्वी याला अवघड इंजेक्शनं होती, आता गोळ्या आहेत, तीन महिन्यांचा कोर्स, बहुतेकांचा पूर्ण जातो. काही तपासण्या झाल्या की सुरू करू. घरात नेहमीसारख्या वागा. हे सगळं त्यांनी सांगितलं, दोनदा सांगितलं. मी मान डोलावत होते आणि त्या काचेच्या दाराकडे बघत होते. नेहमीसारखं वागा म्हणे! मग मला इथे कशाला कोंबलीत?

"कुठून आला हा?" मी सिस्टरला विचारलं. आवाज चढला होता. "सांगा ना! मी दारू पीत नाही, बाहेरचं खात नाही. कुणाच्या सुईने आला?"

सिस्टर म्हणाल्या, "काकू, तुम्ही आधी दुसऱ्या दोन ठिकाणी डायलिसिस केलंय, दोनदा रक्त चढवलंय. मी खोटं कशाला बोलू, कुठून आला ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

मग मी रडले. रागाने रडणं वेगळं असतं, नाक जास्त वाहतं. शेजारच्या मशीनवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. पेपर खाली करून म्हणाले, "परबबाई ना? मी तळपदे, गिरगावातला. निवृत्त वकील. इथे एसी थेट अंगावर येतो, उद्यापासून शाल आणत जा."

"उद्या नाही, परवा," मी म्हटलं. रडतानासुद्धा माझं तोंड बंद नव्हतं.

टिंब

घरी येऊन मी पहिलं काम काय केलं? प्राचीच्या ड्रेसिंग टेबलावर लाल नेलपेंटची बाटली होती. ती घेतली आणि एक स्टीलचा पेला, एक ताट, एक वाटी आणि एक चमचा बाजूला काढून प्रत्येकावर लाल टिंब लावलं. टॉवेल वेगळा. साबण वेगळा. आंघोळीची बादली वेगळी. सेंटरमध्ये माझं मशीन वेगळं केलं ना, मग घरात मीच माझं वेगळं करते! मला वाटलं, फार शहाणी मी.

हे संध्याकाळी स्वयंपाकघरात आले. त्यांना मी सगळं सांगितलं आणि देवासमोर शपथ घातली, की संदेशला आणि प्राचीला सांगायचं नाही. पोर गरोदर आहे, तिला कशाला टेन्शन. आणि खरं कारण सांगू? विहीणबाईंना कळलं तर त्या बाळाला आमच्याकडे पाठवणार नाहीत, ही भीती.

ह्यांनी ऐकून घेतलं. माझ्या समोरचा टिंबवाला पेला उचलला, त्यातला माझा उरलेला चहा पिऊन टाकला.

"अहो! खुळे झालात काय?"

"खुळी तू. तीस वर्सां एका ताटात जेवलंव. आता काय होवचा ता होवंदे."

मी त्यांच्या हातातून पेला हिसकावला, दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, आमच्या घरात त्या दिवशी अक्कल एकाच माणसाकडे होती.

संदेशने विचारलं, "आई, हे लाल काय?"

"पाणी मोजायचा पेला आहे माझा. दुसऱ्या कुणी घ्यायचा नाही." त्याला पटलं. पाणी मी मोजूनच पीत होते, थाप बेमालूम बसली.

ते दोन महिने माझ्या आजारातले सगळ्यात वाईट. अंगाला खाज, जिना चढावा तसं नुसतं चालतानाही दमायला व्हायचं, तोंडाला चव नाही. पण ते सहन होतं हो. जे सहन होत नव्हतं ते वेगळंच. आमच्या टॉवरच्या खाली माझ्या बालवाडीतली जुनी पोरं आपापली पोरं घेऊन उभी असतात. "बाई, बघा ना हा कसा चालतो!" म्हणून पोर माझ्याकडे सोडायची, आणि मी पदर आवरून मागे सरायचे. मी! अर्ध्या करी रोडची नाकं मी पुसलीत. कुणी चड्डी ओली केली तर आईच्या आधी माझ्याकडे यायचं. लिफ्टमध्ये शिरून मी सतराव्या मजल्यापर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे.

नात आली

एका बुधवारी प्राचीला मुलगी झाली. गुरुवारी मशीनवरून उठले ती थेट हॉस्पिटलात. प्राची बसली होती, शेजारी तिची आई, दुपट्यात एवढीशी लाल पोर. कपाळ आमच्या ह्यांचं, नाक सुदैवाने नाही.

प्राचीने दोन्ही हातांनी बाळ पुढे केलं. "घ्या आई. पहिली तुमचीच वाट बघत होते."

माझे हात पुढे जात होते हो, खरंच जात होते. मग दंडावरची पट्टी दिसली. नुकत्याच सुया काढलेल्या. मी हात मागे घेतले. "नको गं. डाव्या हाताने वजन उचलायचं नाही ना मला."

"मग मांडीवर घ्या, बसून," विहीणबाई म्हणाल्या.

"आत्ता मशीनवरून आलेय. चक्कर येते. राहू दे."

प्राचीने बाळ परत जवळ घेतलं. मी लांबूनच दृष्ट काढल्यासारखे हात ओवाळले, बोटं मोडली आणि पाच मिनिटांत निघाले. खाली येऊन टॅक्सीत बसले आणि ढसाढसा रडले. टॅक्सीवाल्याने विचारलं, "कोई गुजर गया क्या, माँजी?" म्हटलं, "नहीं भैया, पोती हुई है." त्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं, की आता आठवलं तर हसू येतं.

सिस्टरशी भांडण

शनिवारी मशीनवर मी गप्प. तळपदेकाकांनी विचारलं, "पेढे कुठे आहेत? आम्हाला चालत नाहीत, पण दाखवायला तरी आणायचे." मग मी सगळं ओकून टाकलं. टिंब, पेला, हॉस्पिटल, सगळं.

वंदना सिस्टर सुई लावता लावता थांबल्या. "काकू, तुम्ही बाळाला घेतलंच नाही? का?"

"का म्हणून काय विचारता? तुम्हीच मला काचेत ठेवलंत! धोका नसता तर बाहेर खिडकीजवळ नसते का ठेवलंत? तुम्ही ग्लोव्हज घालून हात लावता, आणि मी उघड्या हातांनी पोर घेऊ?"

सिस्टर रागावल्या. त्या रागावल्या की हळू बोलतात. "इकडे बघा. हे काय आहे नळीत?"

"रक्त."

"कुणाचं?"

"माझं."

"इथे प्रत्येकाचं रक्त शरीराच्या बाहेर येतं, मशीनमधून फिरतं आणि परत जातं. दिवसात कितीतरी वेळा आमच्या हाताला, मशीनला, चादरीला लागायची शक्यता असते. म्हणून इथे तुम्ही आत. आता सांगा, तुमच्या घरी स्वयंपाकघरात रक्त नळीतून फिरतं का? चहातून फिरतं का? मांडीवरून फिरतं का?"

मी नळीकडे बघितलं.

"तुमचा दात घासायचा ब्रश वेगळा, नख काढायची कात्री वेगळी. जखम झाली तर झाकायची, रक्त सांडलं तर ग्लोव्हज घालून पुसायचं. संपलं. ताट-पेला, टॉवेल, बादली, हा सगळा तुमचा शोध. आमचा नाही."

तळपदेकाका म्हणाले, "परबबाई, मी सहा वर्षं या खोलीत आहे. मला तीन नातवंडं. धाकटा रोज माझ्या गळ्यात पडून झोपतो आणि माझ्या बनियनवर लाळ गाळतो. संसर्ग झालाच असेल, तर मला झालाय. त्याला सर्दी झाली की मलाही होते."

मला हसू आलं. डोक्याला पटलं सगळं. पण हाताला पटेना. पुढच्या आठवड्यात दोनदा अँटॉप हिलला जायला निघाले आणि दोनदा घराचं दार उघडून परत आत आले. तुमच्याही बाबतीत असं होईल. डोकं पुढे जातं आणि हात मागे राहतात, त्याला वेळ लागतो. पण मी लावला तेवढा लावू नका.

बारसं

बाराव्या दिवशी, रविवारी, बारसं. अँटॉप हिलला विहीणबाईंच्या घरी. आमच्यात पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. पाट्यावर वाटण वाटायचा दगडी वरवंटा, धुवून, हळदकुंकू लावून, त्याला कुंची बांधून. वरवंट्यासारखं दणकट आयुष्य मिळावं म्हणून. माझ्या सासूने मालवणहून आणलेला आमचा वरवंटा, संदेशच्या बारशालाही हाच होता. तो मीच पिशवीतून नेला. मनात ठरवलं होतं, वरवंट्याचं सगळं आपण करायचं आणि बाळाच्या वेळी मागे सरायचं. कुणाला कळणार आहे?

बायका पाळण्याभोवती जमल्या. पुरुष बाहेर गॅलरीत. मी वरवंटा दोन्ही हातांत घेतला, कुंची बांधलेला तो दगड बघून माझ्यातली बालवाडी जागी झाली. "अगं बाई, केवढं गं हे बाळ काळंसावळं!" म्हणून मी त्याला झुलवला, पापा घेतला. सगळ्या बायका हसल्या. मग "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याच्या वरून-खालून फिरवला. या हातातून त्या हातात, शेवटी पाळण्यात.

आता बाळाची पाळी. विहीणबाईंनी बाळ उचललं आणि पाळण्याखालून माझ्याकडे धरलं. "गोविंद घ्या!"

मी एक पाऊल मागे सरले. "दुसऱ्या कुणीतरी घ्या गं. माझ्या हाताचं माहितीये ना, वजन चालत नाही."

बायका थांबल्या. पाटावर बसलेली प्राची माझ्याकडे बघत होती. आमची प्राची तशी अबोल पोर, आवाज चढवणं तिला येतच नाही. अगदी शांतपणे म्हणाली, "आई, तो वरवंटा चार किलोचा तरी असेल. तुम्ही आत्ता त्याला झुलवलंत. माझी मुलगी अडीच किलोची आहे."

मी पाळण्यातल्या वरवंट्याची कुंची उगाच सारखी करायला लागले.

"हॉस्पिटलातपण नाही घेतलंत. नंतर एकदाही आला नाहीत. फोनवर बोलता, पण बाळाला बघायला व्हिडिओ लाव म्हणत नाही." तिचे डोळे भरले. "मुलगी झाली म्हणूनच ना? तसं असेल तर सांगा. मला कळू तरी द्या."

अरे देवा! माझ्या स्वप्नातही हे आलं नव्हतं. दोन महिने मी हिला वाचवत होते, आणि हिच्या मनात मी मुलगी नको म्हणणारी सासू! मी, जिने बालवाडीत पोरींना पहिल्या रांगेत बसवलं! आता खरं सांगितलं तर पोर जाईल, नाही सांगितलं तर सून जाईल.

"मला कावीळ आहे," मी म्हटलं. "ती 'सी' म्हणतात ती. डायलिसिसमध्ये कळलं, तू इकडे आल्यावर. म्हणून घेत नव्हते. मुलगी म्हणून नाही गं, आईशप्पथ नाही!"

विहीणबाईंनी बाळ छातीशी घट्ट धरलं आणि भिंतीपर्यंत मागे गेल्या. मी त्यांना दोष देत नाही. मी तेच केलं असतं. मी तर माझ्याच घरात माझ्याशीच तेच केलं होतं.

संदेश दारात आला होता. "आई, म्हणजे तो लाल टिंबाचा पेला..."

"हो रे. तोच."

त्याच्यामागून ह्यांचा आवाज आला, "मी पहिल्याच दिसाक सांगलंय होतंय तिका. आयकता कोण?"

विहीणबाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "अहो पण, लागण होते ना याची?"

आणि मग माझ्या तोंडून वंदना सिस्टर बोलायला लागल्या. "रक्ताला रक्त लागलं तर होते. हात लावून नाही, मांडीवर घेऊन नाही, एका ताटात जेवून नाही, पापा घेऊनही नाही. माझा ब्रश वेगळा, नखांची कात्री वेगळी. सुया कालच्या, ती जागा सुकलीय आणि वर पट्टी आहे, बघा. गोळ्या सुरू होणार आहेत पुढच्या आठवड्यात. पण गोळ्यांच्या आधीही बाळाला माझ्याकडून काही होत नाही. काही म्हणजे काही नाही."

बोलताना माझ्याच कानावर माझे शब्द पडत होते. बालवाडीत आम्ही पोरांना म्हणायला लावायचो, म्हटलं की पाठ होतं. तसंच झालं. शेवटचं वाक्य बोलले तेव्हा मला ते खरं वाटत होतं, डोक्याला आणि हातांना दोन्हींना.

विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. प्राची उठली. ओली बाळंतीण, भिंतीचा आधार घेत आईकडे गेली, तिच्या हातांतून बाळ घेतलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. "आई, पाटावर बसा."

"प्राची, तू घाबरत नाहीस?"

"मी हॉस्पिटलात होते तेव्हापासून घाबरलेय, पण वेगळ्या गोष्टीला. बसा."

मी बसले. तिने बाळ माझ्या हातात दिलं. इतक्या जणींच्या गडबडीत पोर किंचाळून रडत होती, चेहरा लालेलाल. मी सवयीने तिला डाव्या बाजूला घेतलं, तिचा गाल माझ्या दंडावर आला, बरोबर फिस्टुलाच्या वर, पट्टीच्या बाजूला, जिथे ती थरथर असते.

आणि ती रडायची थांबली. एकदम. डोळे उघडून कुठेतरी बघायला लागली, जणू काही ऐकतेय.

"अगं बाई, काय केलंत?" विहीणबाई पुढे आल्या.

"काही नाही. मशीन चालू आहे," मी म्हटलं, आणि हसता हसता माझे अश्रू तिच्या कुंचीवर पडले. विहीणबाईंनी वाकून आपला हात माझ्या दंडावर ठेवला. ती थरथर त्यांना लागली तशा दचकल्या, पण हात काढला नाही. मग म्हणाल्या, "आता द्या इकडे. गोपाळ कोण घेणार मग?"

पाळण्याच्या वरून मी दिली, खालून त्यांनी घेतली. आत्याने, म्हणजे माझ्या दिराच्या मुलीने, कानात कुर्रर्र केलं, नाव ठेवलं रेवा, आणि सगळ्यांनी मिळून आत्याच्या पाठीत इतके धपाटे घातले की ती कोपऱ्यात पळाली.

सध्या

गोळ्या तीन महिने घेतल्या. पहिल्या महिन्यात मळमळलं, डोकं धरलं. दुसऱ्या महिन्यात एक दिवस भाजी चिरताना लक्षात आलं, की मी गाणं गुणगुणतेय. कोर्स संपल्यावर पुन्हा तीन महिन्यांनी तपासणी, त्यात विषाणू सापडला नाही. डॉक्टरांनी बजावलंय, एक साधी टेस्ट असते ती आयुष्यभर पॉझिटिव्हच दाखवणार, ती बघून घाबरायचं नाही, विषाणू मोजायची टेस्ट वेगळी. तुमच्याही कानावर हे असू दे, नाहीतर उगाच पुन्हा हंबरडा फोडाल.

मी परत खिडकीजवळ सहा नंबरला आले. तळपदेकाकांनी पूर्वी कधीतरी इंजेक्शनं घेतली होती, ती लागू पडली नव्हती, म्हणून नवीन गोळ्यांचं नाव काढू देत नसत. मी दर वेळी जाता-येता काचेवर टकटक करून विचारायचे, "वकीलसाहेब, सुरू केल्या का?" शेवटी माझ्या त्रासाला कंटाळून त्यांनी सुरू केल्या. दुसरा महिना चालू आहे.

किडन्या काही परत आल्या नाहीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार आहेच. कधी ब्लडप्रेशर पडतं, पायात गोळे येतात, चिडचिड होते आणि ती सगळी ह्यांच्यावर निघते. पण कुणी विचारलं, कशा आहात, तर मी बरी आहे म्हणते, आणि ते आता खोटं नसतं.

काचेच्या खोलीत तुम्हाला नुकतंच हलवलं असेल, तर एवढंच ऐका. ती खोली सेंटरमध्येच ठेवून या. घरी नेऊ नका. आणि घरच्यांना सांगून टाका, पहिल्याच दिवशी. काही जण दोन पावलं मागे जातील. जाऊ द्या, परत येतात.

रेवा आता सव्वा वर्षाची आहे. झोप आली की स्वतःच माझ्या डाव्या दंडाला गाल लावते. आणि दुसरी एक खोड. तिला पाणी द्यायला घरात चिमणीचा पेला आहे, बाजूला नळी असलेला आहे, विहीणबाईंनी दिलेला चांदीचा आहे. एकही चालत नाही. मांडणीकडे बोट करून "ते, ते" करत राहते, लाल टिंबाचा हातात येईपर्यंत. त्यातलं माझं मोजलेलं पाणी अर्धं ती पिते, अर्धं माझ्या मांडीवर सांडते.

मागच्या आठवड्यात घासून घासून ते टिंब पुसत आलं. रेवाने पेला फिरवून फिरवून पाहिला आणि भोकाड पसरलं. प्राची आतून तीच नेलपेंटची बाटली घेऊन आली, जमिनीवर मांडी घालून बसली, आणि तिने स्वतःच्या हाताने त्यावर नवीन टिंब लावलं.